एम्बेडेड ओएसमध्ये करिअर: टेस्टिंग सोडून उडी मारू का?

सावळा_गोंधळ

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं रोमात (नुसता वाचक) होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

ई अँड टीसी, २०२१ पासआउट. म्हणजे कोविडची बॅच, शेवटची दीड-दोन वर्षं लॅबचं तोंड पाहिलं नाही, मायक्रोकंट्रोलरची ओरल घरून चादर मागे लावून दिली. आता हिंजवडीत गाडीच्या इन्फोटेनमेंटचं मॅन्युअल टेस्टिंग करतो. म्हणजे काय तर ब्लूटूथ जोड, गाणं लाव, ब्लूटूथ तोड, परत जोड, एक्सेलमध्ये पास किंवा फेल लिही. तीन वर्षं हेच.

झालं काय की गेल्या महिन्यात एक युनिट चालू केलं की नुसता काळा स्क्रीन यायचा. मी दोन दिवस बंद-चालू, बंद-चालू करत बसलो आणि बग टाकला. मग बीएसपी टीमचा (बोर्डावर ओएस चालू करून देणारी मंडळी) एक जण आला, युनिटच्या मागे तीन वायरी लावल्या, लॅपटॉपवर अक्षरं धडाधड पळायला लागली, त्याने एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला टच कंट्रोलर आय-टू-सी (चिपा एकमेकींशी बोलतात ती लाइन) वर उत्तरच देत नाहीये, केबल बघा. केबल खरंच अर्धी निघाली होती. त्याला चार मिनिटं लागली. मी त्या दिवशी घरी जाताना वाकड पुलावर ट्रॅफिकमध्ये तोच विचार करत होतो की मला हे यायला हवं.

तर प्रश्न असे. एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आतल्या कॉम्प्युटरचं काम, त्यातही आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करणारी छोटी ओएस), लिनक्स कर्नल (ओएसचा गाभा), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) या लाइनमध्ये २७व्या वर्षी शिरता येतं का? नोकरी सोडून सहा महिन्यांचा कोर्स करावा का? पैसे कसे असतात? घरी लग्नाचं बघतायत, त्यामुळे "नोकरी सोडली" हे वाक्य आईसमोर उच्चारायची सोय नाही. इथे जाणकार बरेच आहेत, कृपया लिहा.

पैसा_बोलतो

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मी पाच वर्षं एम्बेडेडमध्ये होतो आणि पळून बॅकएंडला गेलो. सोबतचे जावावाले दोन कंपन्या बदलून कुठल्या कुठे गेले आणि मी कॅनच्या (गाडीतल्या नेटवर्कच्या) मेसेजमधला एक बिट चुकीच्या बाजूने का वाचला जातो हे शोधत शनिवारी चाकणला प्लांटवर उभा. ओपनिंग मोजक्या, त्यातही पुणे आणि बंगलोर सोडून फारशा नाहीत. वर्क फ्रॉम होम विसर, कारण बोर्ड ऑफिसात असतो. एकदा मी बोर्ड घरी आणला तर सिक्युरिटी गेटवर अर्धा तास चौकशी, गेटपास कुठे आणि सीरियल नंबर कुठे.

काम छान असतं हे मान्य. पण कामाच्या छानपणावर ईएमआय भरता येत नाही.

जुना_सोल्डर

पैसाभाऊंशी अर्धा सहमत. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लांबलचक प्रतिसाद, चहा घेऊन बसा.

मी २००७ ला भोसरीत महिना ९ हजारावर लागलो. आज बरं चाललंय, पण ते बरं व्हायला दहा वर्षं गेली हे खरं आहे. या लाइनीत सुरुवात मंद असते. मात्र एक फायदा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, इथलं ज्ञान लवकर शिळं होत नाही. इंटरप्ट म्हणजे काय, स्टॅक कुठे वाढतो, डीएमए चालू असताना कॅशमध्ये जुनं का दिसतं, हे मी २००९ ला शिकलो आणि काल दुपारी वापरलं. वेबवाल्या मित्रांना दर तीन वर्षांनी नवं फ्रेमवर्क घोटायला लागतं, मला नवी चिप आली की फक्त रजिस्टरांची नावं नवी, माणसं तीच.

आता सावळ्या, तुझ्या मुद्द्यावर. एम्बेडेड म्हणून जाहिरात आली की सगळं एकच समजू नकोस. त्या नावाखाली निदान चार वेगळी कामं खपवली जातात. एक म्हणजे तू करतोयस ते टेस्टिंग. दुसरं ऑटोसारचं (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं ठरलेलं स्टँडर्ड) कॉन्फिगरेशन, ज्यात टूलमध्ये चेकबॉक्स टिकमार्क करून कोड जनरेट करायचा, वर्षभर करून आतलं काही कळत नाही अशीही माणसं पाहिलीत (चांगली करणारी माणसंही आहेत, त्यांनी हलकं घ्या). तिसरं छोट्या कंट्रोलरवरचं काम, फ्रीआरटीओएस, झेफायर वगैरे आरटीओएस किंवा काहीच ओएस नाही, सगळी मेमरी काही शे केबी. आणि चौथं लिनक्स किंवा क्यूएनएक्सचं (गाड्यांत चालणारी आणखी एक ओएस) बीएसपी, म्हणजे नवा बोर्ड टेबलावर आला की त्यात प्राण फुंकायचे. तुला वेड लागलंय ते या शेवटच्या दोनांचं.

मग कंपनी कशी निवडायची? इंटरव्यूच्या शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा सरळ म्हण, मी बसणार ती लॅब बघू का. टेबलावर ऑसिलोस्कोप (तारेतला सिग्नल दाखवणारं यंत्र) आहे का बघ. असेल तर त्याचे प्रोब नीट आहेत का, की टोकं तुटून वर धूळ बसलीय. सोल्डरिंग स्टेशन आहे का, लॉजिक अ‍ॅनालायझर कुणाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात तर नाही ना. जिथे स्कोप मागायला मेल टाकून मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं तिथे ओएसचं खरं काम होत नसतं, दुसरीकडून झालेलं काम तिथे सांभाळतात. मी ही टेस्ट स्वतः दोनदा लावली, एकदा नाही लावली. त्या एका वेळी अडीच वर्षं वाया गेली.

नोकरी सोडू नकोस. बाकी उद्या, मुलीला क्लासवरून आणायचंय.

वऱ्हाडी_ठेचा

वाचतोय. मी अकोल्याकडचा, थर्ड इयर. आमच्या कालेजात अजून ८०८५ चंच किट हाये, हेक्स कोड एकेक बटन दाबून भरा लागते, एक चुकला की पयल्यापासून. ते चिप १९७६ ची हाये म्हणे, माह्या बाबाच्या वयाची. सरांना विचारलं आर्मचे नवे चिप काहून नाही शिकवत तर म्हणे सिलॅबस. सोल्डरकाका, बोर्ड कोणता घेऊ सांगा, बजेट दीड हजार.

जुना_सोल्डर

@वऱ्हाडी_ठेचा, ८०८५ ला हसू नकोस रे, हेक्स हाताने भरलेला पोरगा आयुष्यात कधी विचारत नाही की प्रोग्राम काउंटर म्हणजे काय. बोर्ड म्हणशील तर एसटीएम३२ चा कुठलाही न्यूक्लिओ, नाहीतर ब्लॅक पिल, नाहीतर रास्पबेरी पायचा पिको. ईएसपी३२ पण चालेल, पण त्यात लायब्ररी इतकं करून देते की आतलं दिसत नाही. बोर्डापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एक यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टर आणि चिनी आठ चॅनेलवाला लॉजिक अ‍ॅनालायझर घे. डोळे आहेत ते.

नेकारकाठचा

श्टुटगार्टहून लिहितोय. इथे गाड्यांचंच गाव, त्यामुळे आमच्या गणपतीत निम्मी मंडळी ईसीयूवालीच (गाडीतल्या कंट्रोलरवर काम करणारी) असतात.

मी लिनक्सच्या बाजूचं सांगतो. अमेरिकेत नियम आहे की रिव्हर्स टाकला की मागच्या कॅमेऱ्याचं चित्र २ सेकंदांत दिसलं पाहिजे, मे २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं. आता माणूस गाडीत बसतो, चावी फिरवतो आणि लगेच रिव्हर्स टाकतो. लिनक्स तेव्हा कुठे जांभई देत असतो. माझं पहिलं अख्खं वर्ष या दोन सेकंदांत गेलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं आता कर्नलचा शेड्यूलर वगैरे उघडायला लागणार. प्रत्यक्षात काय सापडलं माहितीये? बूटलोडर (लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्राम) "थांबवायचं असेल तर कळ दाबा" म्हणून सेकंद मोजत शांत बसून होता. डेव्हलपमेंटसाठी ठेवलेलं ते कुणी काढलंच नव्हतं. कळ दाबणार कोण, गाडीला कीबोर्ड कुठाय! दुसरं, बूट होताना कर्नल जे लॉग छापतो ते सीरियल कन्सोलवर. ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक अक्षर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही. पण लॉग ३० केबीचा असेल तर फक्त छापायलाच अडीच सेकंदांच्या वर गेले. कर्नलला एक शब्द द्यायचा, "क्वाएट", की गप्प. तेव्हा आमचा लीड म्हणाला होता, तू काही फास्ट केलं नाहीस, फक्त बडबड बंद केलीस. त्यानंतरचा प्रत्येक १० मिलिसेकंद मात्र रक्त आटवून मिळवला.

सांगायचा मुद्दा असा की या कामात हुशारी नंतर लागते, आधी मोजायची सवय लागते.

पैसा_बोलतो

आणि त्या दोन सेकंदांसाठी वर्षभर किती मिळाले ते पण लिहा की नेकारकर 😄

नेकारकाठचा

युरोत मिळाले, त्यामुळे रुपयात सांगून तुम्हाला त्रास देत नाही 😄 पण सिरियसली, इथे यायला डिग्रीपेक्षा ड्रायव्हरमधल्या कामाचा पुरावा आणि थोडं जर्मन उपयोगी पडलं. प्लांटवर गेलं की इंग्रजी संपतं.

शेवग्याची_शेंग

मी सहसा पाककृतीच्या धाग्यांवर असते, पण हा विषय माझा आहे म्हणून.

सीडॅकमधून डीईएसडी (एम्बेडेडचा डिप्लोमा) केलं, पाच वर्षं ड्रायव्हरचं काम केलं, मग मुलाच्या वेळी सोडलं ते सहा वर्षं घरी. परत यायचं ठरवलं तेव्हा रेझ्युमे बघून एचआर विचारायच्या "गॅपमध्ये काय केलंत?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरं उत्तर होतं की माणूस वाढवला, पण ते चालत नाही ना.

तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने सुचवलं की लिनक्स कर्नलला पॅच (कोडमधला छोटा बदल) पाठव. मी हसले. कर्नल १९९१ पासून चालू आहे, जगातली मोठमोठी माणसं त्यात, मी काय पाठवणार? तो म्हणाला डिव्हाइस ट्रीचं (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) डॉक्युमेंटेशन जुन्या साध्या टेक्स्टमधून नव्या यामल फॉरमॅटमध्ये नेण्याचं काम पडलंय, ते कुणालाच आवडत नाही, तू घे. मुलगा झोपला की साडेनऊ ते अकरा बसायचे. पहिला पॅच पाठवायला मला तीन आठवडे लागले, त्यातले दोन ईमेल नीट लावण्यात, कारण तिथे वेबसाइटवर बटन दाबून काही होत नाही, साधा मेल जावा लागतो आणि मेल प्रोग्रामने टॅबचं स्पेस केलं की पॅच फुकट.

उत्तर आलं दुसऱ्या दिवशी. मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) म्हणाला की कमिट मेसेजमध्ये काय केलंस ते लिहिलंयस, का केलंस ते लिही. दुसरी आवृत्ती पाठवली. तिसरी पाठवली. चौथी घेतली. ज्या रात्री "अप्लाइड, थँक्स" एवढाच मेल आला त्या रात्री नवऱ्याला उठवून दाखवला, तो म्हणाला छान आहे, झोप. पण पुढच्या इंटरव्यूत गॅपचा प्रश्न आला तेव्हा मी लिंक दिली आणि पॅनेलवरचा माणूस पंधरा मिनिटं त्या रिव्ह्यूवरच बोलत बसला. नोकरी तिथेच लागली.

सावळा, कोर्सबद्दल. मला कोर्सने शिस्त लावली, सकाळी आठ ते रात्री लॅब, ते आवडलं होतं. पण तुझ्याकडे आज नोकरी आहे आणि ऑफिसमध्ये चालू बोर्ड पडलेत. ज्या माणसाने चार मिनिटांत केबल शोधली त्याच्याशी मैत्री कर आधी. त्याला चहा पाज. फुकटचा कोर्स आहे तो.

सावळा_गोंधळ

@शेवग्याची_शेंग ताई, अंगावर काटा आला. चहाचं उद्याच करतो.

जुना_सोल्डर

दंडवत, शेंगताई.

काल म्हटलं होतं ना बाकी उद्या. एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे काम नक्की कसलं ते कळेल. कंपनीचं नाव नाही लिहीत, चूक माझीच होती तरी.

२०१२-१३ च्या सुमारास आम्ही दुधाच्या बल्क कूलरचा कंट्रोलर करायचो. गावागावातल्या दूध संस्थांमध्ये संध्याकाळी दूध जमा होतं, ते ४ अंशांवर ठेवायचं, वर गेलं की कॉम्प्रेसर चालू. साधा आरटीओएस, पाच टास्क. तीन-चार वर्षं एकही तक्रार नाही. मग सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेतून फोन, टाकीतलं दूध नासलं. माणूस गेला, कंट्रोलर बंद-चालू केला, मस्त चालला. "लाइटचा काहीतरी प्रॉब्लेम" असा रिपोर्ट. दोनेक महिन्यांनी तिथूनच परत फोन. स्क्रीनवर ४.० अंश आणि आतलं दूध कोमट. तिसऱ्या वेळी मला पाठवलं.

संस्थेचे सचिव पांढऱ्या टोपीतले, शांत गृहस्थ. मी लॅपटॉप उघडला, लॉग बघतोय, त्यात काही नाही. त्यांनी एक लाल कव्हरची वही पुढे केली. तिन्ही तारखा लाल शाईत. म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन दर पन्नास दिवसांनी झोपतं. मी मोजलंय."

मला घाम फुटला. कारण पन्नास म्हटल्याबरोबर कळलं. टिकचा काउंटर ३२ बिटांचा, दर मिलिसेकंदाला एकने वाढतो, ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि शून्यावर येतो. हे मला माहीत होतं! म्हणूनच तर मी "काळजी" घेतली होती. तापमान वाचायच्या टास्कमध्ये लिहिलं होतं की आत्ताची वेळ मागच्या वेळेपेक्षा मोठी असेल तरच पुढे जा. म्हणजे काउंटर शून्यावर आला की "आत्ता" कायम "मागच्या"पेक्षा लहान, तापमान वाचणं बंद, स्क्रीनवर शेवटचा आकडा गोठलेला आणि कॉम्प्रेसर निवांत. ती ओळ मी लिहिलीच नसती तर नुसती वजाबाकी बरोबर चालली असती, अनसाइन्ड आकड्यांत फिरून आलं तरी फरक बरोबरच येतो. वॉचडॉगने (वेळेत खायला घातलं नाही तर कंट्रोलर रीसेट करणारा टायमर) का नाही उठवलं? कारण त्याला खायला घालणारा कोड टायमरच्या इंटरप्टमध्ये. टास्क मेला तरी इंटरप्ट चालूच, कुत्रा पोट भरून झोपलेला.

मग बाकीच्या दीडशे गावांत का नाही झालं? आणि इथे आधी का नाही? हे मला परतीच्या एसटीत सुचलं. सगळीकडे रोज लाइट जायची. लोडशेडिंग आमचा कंट्रोलर रोज रीसेट करत होतं, पन्नास दिवस सलग कुणी चालूच राहत नव्हता. या सचिवांनी, संस्था चांगली चालवतात म्हणून, कंट्रोलरला इन्व्हर्टर लावून घेतला होता. ज्याने सगळ्यात नीट काळजी घेतली त्याचंच दूध नासलं.

त्यानंतर मी काउंटर शून्यापासून सुरू करत नाही, भरायला दोन मिनिटं उरलीत अशा आकड्यापासून करतो, म्हणजे जे मरायचं ते टेबलावर मरतं. लिनक्सही हेच करतो बरं का, त्याचा जिफीजचा (टिकचाच) काउंटर बूटनंतर पाच मिनिटांत फिरेल असा मुद्दाम लावलाय. आणि मी एकटा नाही याचं समाधान २०१५ ला मिळालं, बोइंग ७८७ ची जनरेटर कंट्रोल युनिटं सलग २४८ दिवस चालू राहिली की बंद पडू शकतात म्हणून अमेरिकेच्या विमान खात्याने वेळच्या वेळी पॉवर बंद करायचा आदेश काढला. सेकंदाचा शंभरावा भाग, ३१ बिट, हिशोब करून बघा.

वऱ्हाडी_ठेचा

केला. २४८.५ येते 😳

शेवग्याची_शेंग

लाल वहीवाल्या सचिवांना टेस्टिंग लीड करा कुणीतरी.

सावळा_गोंधळ

मी तीन वर्षं टेस्टिंग करतोय आणि एकदाही तारखा मांडून बघितल्या नाहीत. हे वाचून जरा लाज वाटली खरं तर.

कॉपीपेस्ट_कुमार

हे सगळं आता एआय लिहून देणार, कशाला एवढी मरमर?

नेकारकाठचा

कुमार, वापरतो की आम्ही. ड्रायव्हरचा सांगाडा झकास देतो. पण मागच्याच महिन्यात त्याने मला मोठ्या आत्मविश्वासाने असा बिट सेट करायला सांगितला जो आमच्या चिपच्या या आवृत्तीत चालतच नाही, चिपवाल्यांच्या एराटामध्ये (चिपमधल्या चुकांची यादी) एका कोपऱ्यात लिहिलंय. आणि केबल अर्धी निघालीय हे त्याला कोण सांगणार?

वऱ्हाडी_ठेचा

सोल्डरकाका, सिनियर म्हणतात इंटरव्यूत प्रायोरिटी इन्व्हर्जन हमखास विचारतात. पाठ आहे पण समजून नाही राह्यलं.

जुना_सोल्डर

चाळीतला नळ घे. नळ एकच. बंड्याने बादली लावलीय, बंड्याला कुणी विचारत नाही, म्हणजे खालची प्रायोरिटी. आजींना पूजेला पाणी हवंय, सगळ्यात वरची, त्या उभ्या. आता मधल्या वजनाचे काका येतात आणि बंड्याला म्हणतात जा रे पेपर आण, मग स्कूटर पूस, मग आणखी काही. काकांना नळाशी काही देणंघेणं नाही, पण बंड्या बादली काढायला येऊ शकत नाही, म्हणून आजी अडकल्या. आजी काकांपेक्षा मोठ्या असून काकांमुळे अडकल्या, हे इन्व्हर्जन. उपाय असा की आजी थांबल्या क्षणापासून बंड्याला आजींचा मान द्यायचा, मग काकांची हिंमत नाही त्याला पाठवायची. बादली निघाली की बंड्या परत बंड्या. याला प्रायोरिटी इनहेरिटन्स म्हणतात.

हेच मंगळावर झालं. नासाचा पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला उतरला आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाचा टास्क म्हणजे बंड्या, डेटा बसचा टास्क म्हणजे आजी, मधलं कम्युनिकेशन वगैरे म्हणजे काका. व्हीएक्सवर्क्समध्ये (त्यावरचा आरटीओएस) इनहेरिटन्सची सोय होतीच, त्या म्युटेक्सला (म्हणजे नळाला) फक्त चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून ती चालू केली. इंटरव्यूत चाळ सांगू नकोस, मंगळ सांग 😄

नेकारकाठचा

+१. जाता जाता, रिअल टाइमचं बोलताच आहात तर, प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल टाइम करणारा कोड) वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून सांभाळत होते, ते २०२४ ला ६.१२ मध्ये आत गेलं. व्हिएन्नाच्या कॉन्फरन्समध्ये शेवटची पुल रिक्वेस्ट (कोड आत घ्यायची विनंती) कागदावर छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सच्या हातात दिली. वीस वर्षं एका गोष्टीच्या मागे लागायची तयारी असलेली माणसं आहेत या लाइनीत. पैसाभाऊ, ऐकताय ना?

पैसा_बोलतो

ऐकतोय. आणि खरं सांगू, माझा जुना डिस्कव्हरी बोर्ड अजून कपाटात आहे, बायको दर दिवाळीला विचारते टाकू का, मी नाही म्हणतो.

सावळा_गोंधळ (साधारण दीड महिन्यानंतर)

धागा वर काढतोय, माफी. अपडेट देतो आणि मदतही हवीय.

बीएसपीवाल्याला चहा पाजला. आता बूट न होणारं युनिट आलं की मला बोलावतो, लॉग आधी मी वाचायचा आणि अंदाज सांगायचा असं ठरलंय. दहापैकी तीनदा बरोबर येतो. माझ्या लीडला हे फारसं आवडलेलं नाही, पण बगमध्ये आता मी लॉगची ओळ चिकटवतो म्हणून गप्प आहे. नोकरी सोडलेली नाही, आई खूश.

घरी ब्लॅक पिल घेतलाय, एसटीएम३२ एफ४११. स्वतःचा छोटा शेड्यूलर लिहितोय, दोन टास्क, सिस्टिक (ठरावीक वेळाने येणारा टायमरचा इंटरप्ट) आला की एकाचा स्टॅक ठेवून दुसऱ्याचा उचलायचा. चार रात्री हार्ड फॉल्टमध्ये (चिप अडकून पडते ती एरर) गेल्या, मग चाललं असं वाटतंय कारण एलईडी लुकलुकतोय. पण युआर्टवर (सीरियल पोर्टवर) नुसता कचरा येतोय, चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह. ११५२०० दोन्हीकडे लावलंय, शंभरदा बघितलं.

जुना_सोल्डर

ग्राउंड जोडलंय का?

सावळा_गोंधळ

आहे काका, शपथ. मल्टिमीटरने पण बघितलं, वाजतोय.

शेवग्याची_शेंग

क्लॉकचा कोड स्वतः लिहिलास की कुठून घेतलास?

सावळा_गोंधळ

उचलला ताई. एफ४११ च्याच डिस्कव्हरी बोर्डासाठी लिहिलेला होता, चिप तीच म्हणून जसाच्या तसा घेतला. पीएलएल (क्लॉक वाढवणारा भाग) वगैरे नको म्हटलं, बाहेरच्या क्रिस्टलवरच (चिपला ताल देतो तो) थेट चालवतोय.

जुना_सोल्डर

एलईडी सेकंदाला किती वेळा पेटायला हवा?

सावळा_गोंधळ

एकदा.

जुना_सोल्डर

मोबाईलवर स्टॉपवॉच लाव. दहा सेकंदांत किती वेळा पेटतो ते मोजून सांग. अंदाजे नको.

सावळा_गोंधळ

३१. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा ३१.

पैसा_बोलतो

अरे! कळलं मला. काका, मी सांगू?

जुना_सोल्डर

नको, त्याला करू दे. सावळ्या, डिस्कव्हरीवर क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा असतो. तुझ्या बोर्डावर चिपजवळ एक चकचकीत पत्र्याची डबी आहे, तिच्यावर काय लिहिलंय ते मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाच. मग ३१ ला १० ने भाग.

सावळा_गोंधळ

२५.००० लिहिलंय.

२५ भागिले ८ = ३.१२५.

थांबा.

सावळा_गोंधळ

काका, कोडला क्रिस्टल ८ चा वाटतोय, म्हणून सगळंच ३.१२५ पट जोरात चाललंय. टर्मिनलला ३६०००० टाकलं. ११५२०० गुणिले ३.१२५. आलं!!!

टास्क ए
टास्क बी
टास्क ए
टास्क बी
टास्क ए

थांबतच नाहीये, रात्रीचे पावणेदोन वाजलेत, घरात सगळे झोपलेत आणि मला ओरडता येत नाहीये.

जुना_सोल्डर

मस्त. आता टर्मिनलमधला आकडा परत ११५२०० कर आणि कोडमधला क्रिस्टलचा आकडा २५ कर, नाहीतर पुढच्या महिन्यात हेच विसरून परत धागा वर काढशील. आणि झोप आता, सकाळी ब्लूटूथ जोडायचंय ना.

पैसा_बोलतो

कपाटातला बोर्ड काढला. डबीवर ८.००० आहे. सहज बघितलं, बाकी काही नाही.